तर्रीचा डाग साबणाने लाल का झाला, आणि आता तो कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पांढऱ्या सुती कुर्त्यावर पोह्यांवरची तर्री (तिखट, तेलकट रस्सा) सांडली. लगेच नळाखाली धरून धुण्याचा साबण घासला, तर पिवळा डाग लालभडक झाला. मग व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतला. फेस भरपूर आला, डाग तसाच राहिला. त्याला आता तीन दिवस झालेत. शिवाय चहाचे आणि खर्र्याचे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे) जुने डाग आहेत, आणि कूलर आतून पांढरा पडलाय, त्याचंही सांगा.

कुर्त्यावर इस्त्री फिरवली नसेल तर तो बहुतेक वाचेल. लाल रंगाला घाबरू नका. हळदीतलं रंगद्रव्य कुर्क्युमिन आंबटात पिवळं राहतं आणि क्षारात तांबडं होतं. मुरगळलेल्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावतो तो लाल होतो, तोच हा प्रकार. धुण्याचा साबण क्षारयुक्त, म्हणून डाग लाल झाला. नवीन काही लागलेलं नाही. उलट याचा फायदाच आहे. धुऊन झाल्यावर हळद खरंच गेली की नुसती फिकी दिसतेय हे पाहायचं असेल, तर ओल्या जागेवर साबणाची वडी हलकेच फिरवा. गुलाबी-लाल छटा आली तर हळद अजून आत आहे.

चूक साबणाची नव्हती, क्रमाची होती. तर्रीत तीन गोष्टी एकत्र असतात: तेल, हळद आणि तिखटाचा लाल रंग. हे दोन्ही रंग तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. तेल धाग्यात मुरलेलं असताना वरून पाणी ओतलं की पाणी तेलावरून घसरून जातं आणि रंग सुखरूप राहतो. म्हणून आधी तेल, मग रंग.

कुर्ता पूर्ण कोरडा असताना डागावर भांडी घासायचं लिक्विड टाका, चहाचा एक चमचा पुरे. पाणी अजिबात नको, कारण पाणी मिसळलं की लिक्विड पातळ होऊन तेलावरची पकड सुटते. बोटाने दोन्ही बाजूंनी चोळा, जुन्या टूथब्रशने हलकेच घासा आणि अर्धा तास ठेवा. डाग ताजा असता तर १० मिनिटं पुरली असती. भांड्यांचा बार वापरू नका. त्यातली घासणारी भुकटी सुती कापडाचे तंतू उठवते आणि मग ती जागा कायमची मळकट दिसते. नंतर हाताला सोसेल इतकं गरम पाणी डागाच्या उलट्या बाजूने सोडा, म्हणजे सुटलेलं तेल आत ढकललं न जाता बाहेर पडेल. हे सगळं दोनदा करा. कुर्ता सावलीत वाळवून उजेडासमोर धरा. डागाची जागा आजूबाजूपेक्षा पारदर्शक दिसली तर तेल शिल्लक आहे, तिसऱ्यांदा करा. कापड ओलं असताना हे कळत नाही आणि बहुतेक जण इथेच फसतात: ओल्यात स्वच्छ दिसलं म्हणून इस्त्री करतात, आणि तेल कायमचं बसतं.

तेल गेलं की हळदीचं काम सोपं. एक लिटर सोसवेल इतक्या गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर (व्हॅनिशसारखी, जिच्यावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं) एक मोठा चमचा विरघळवा आणि कुर्ता तासभर भिजवा. थंड पाण्यात ही पावडर सुस्त असते, त्यामुळे 'काहीच फरक पडला नाही' ही तक्रार बरेचदा पाण्याच्या तापमानाची असते. पावडर नसेल तर ऊन आहेच. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, आणि कापड ओलं व जरासं साबणाचं असेल तर आणखी लवकर उडतो. म्हणून शेवटच्या वेळी साबण पूर्ण न काढता, डाग वर करून, अकरा ते तीनच्या उन्हात पसरा आणि वाळला की पाण्याचा हबका मारा. नागपूरच्या मे महिन्याइतकं चांगलं आणि फुकट ब्लीच दुसरं नाही. ढगाळ श्रावणात मात्र चार-पाच दिवस धीर धरावा लागेल. रंगीत कापडाला ही युक्ती वापरू नका, हळदीबरोबर त्याचा स्वतःचा रंगही उडेल.

सगळं करून नारिंगी कडा राहिली तर ती हळद नाही, तिखटाचा रंग आहे. म्हणजे त्या जागी तेल अजून आहे. पुन्हा लिक्विडकडे जा, पावडर वाढवून उपयोग नाही. डाग जवसाच्या तेलाचा आणि जुना असेल तर अपेक्षा कमी ठेवा: जवसाचं तेल हवेत सुकून रोगणासारखं कडक होतं, म्हणून तर ते रंगात आणि वार्निशात घालतात. आठवड्याभरात पकडलं तर निघतं, नंतर पिवळट थर राहतो.

आता व्हिनेगर-सोड्याचं. आंबट आणि क्षार एकत्र आले की एकमेकांना संपवतात. फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि खाली उरतं ते जवळपास मिठाचं पाणी. तुंबलेल्या मोरीत त्या बुडबुड्यांनी थोडा गाळ हलत असेल, कपड्यावर काहीच होत नाही. दोन्ही कामाचे आहेत, पण वेगवेगळे: आंबट पदार्थ पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर, जंग आणि चुना काढायला, सोडा वास, चिकटपणा आणि करपलेलं सोडवायला. मोबाइलवर फिरणाऱ्या निम्म्या नुस्ख्यांत हे दोन एकाच वाटीत असतात. तो नुस्खा पुढे वाचायची गरज नाही.

आंबट आणि क्लोरीन ब्लीच (कपडे पांढरे करायचं उग्र वासाचं ब्लीच) यांची जोडी मात्र निरुपयोगी नाही, घातक आहे. क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, संडास धुण्याचं ॲसिड यातलं काहीही मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो श्वास कोंडवतो. एक वापरून झालं, भरपूर पाण्याने धुतलं, मगच दुसरं. शक्यतो दुसऱ्या दिवशी.

चहाचा डाग हा वेगळा गट. यात टॅनिन (तुरट चव देणारं, डाग धरणारं द्रव्य) असतं, आणि आपला चहा दुधाचा असल्यामुळे थोडी प्रथिनं आणि स्निग्धही. साधा अंगाचा किंवा धुण्याचा साबण टॅनिनला आणखी घट्ट बसवतो. म्हणून इथे वडी हातात घेऊ नका. आधी थंड पाणी उलट्या बाजूने सोडा. मग एक लिटर कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड अर्धा चमचा आणि पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा घालून १५ मिनिटं भिजवा, खळबळून काढा. डाग जुना असेल तर त्यानंतर वरचीच ऑक्सिजन ब्लीच पावडर, दोन तास. कपबशीच्या आत बसलेला चहाचा तपकिरी थर मात्र ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन पुसला की लगेच जातो, त्याला एवढा सोपस्कार नको.

खर्र्यात सुपारीचं टॅनिन, तंबाखू आणि चुना. चुन्यामुळे डाग क्षारीय आणि गडद होतो, पानाच्या पिंकेत कात-चुन्याचा लाल रंगही त्यानेच येतो. इथे पहिलं औषध आंबट: लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, त्यात तेवढंच पाणी, १० मिनिटं. रंग उतरताना दिसेल. मग चहासारखंच लिक्विड-व्हिनेगरचं पाणी, मग ऑक्सिजन ब्लीच. साबण सगळ्यात शेवटी. शर्टाच्या खिशाच्या आतली शिवण उलटी करून बघा. पुडी तिथे फुटते आणि भुगा शिवणीत बसून प्रत्येक धुण्यात थोडा थोडा रंग सोडत राहतो. जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांना मात्र उपाय नाही. चुन्याची भिंत तो रंग पिऊन टाकते. खरवडा, प्रायमर मारा, वरून ऑइलपेंट द्या. पुढची पिचकारी निदान पुसता येईल.

रक्त, दूध, अंडं हे प्रथिनांचे डाग. नियम एकच: गरम पाणी नाही. उष्णतेने प्रथिन गोठतं आणि धाग्याला धरून बसतं, उकडलेल्या अंड्यासारखं. पण नागपूरच्या उन्हाळ्यात 'नळाचं थंड पाणी' ही कल्पनाच आहे. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात लावू देत नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात रक्ताच्या डागाला माठातलं पाणी घ्या. एक लिटरला दोन चमचे मीठ, अर्धा तास भिजवा, पाणी लाल झालं की बदला. उरलेल्या तपकिरी छटेला पांढऱ्या सुती कापडावर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा आणि थेंब थेंब टाका. फेसाळून थांबलं की पुसा, पुन्हा टाका. रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून पाच मिनिटं बघा.

संत्र्याचा रस फसवा. सांडला की दिसत नाही, वाळला की दिसत नाही, आणि इस्त्री फिरली की तपकिरी ठिपके उमटतात, कारण रसातली साखर उष्णतेने करपते. म्हणून थंडीत पोरांच्या गणवेशाच्या बाह्या डाग दिसो न दिसो, आधी साध्या थंड पाण्यातून काढा. संत्र्याच्या सालीचा मात्र उपयोग करून घ्या. सालीतल्या तेलात लिमोनिन असतं, ते डिंक विरघळवतं. नव्या स्टीलच्या डब्यावरच्या स्टिकरचा चिकटा घालवायला सालीची बाहेरची बाजू त्यावर दाबून पिळा, तीन मिनिटं थांबा, फडक्याने पुसा, मग लिक्विडने धुवा. थर्मोकोल आणि पातळ पारदर्शक प्लास्टिकवर नको. तेच तेल त्यांनाही विरघळवतं.

लोखंडाच्या डागाला आपण जंगच म्हणू, कारण इकडे गंज म्हटलं की पातेलं समोर येतं. वाळत घालायच्या तारेचे, टाचणीचे, लोखंडी पलंगाचे हे डाग. यावर क्लोरीन ब्लीच टाकणं ही सगळ्यात महाग चूक. त्याने लोखंड आणखी जंगतं आणि डाग पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ यांचा लेप लावून तासभर उन्हात ठेवा, सुकू देऊ नका, वरून रस घालत राहा. त्याने नाही गेला तर निंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड: पाव लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा, त्यात फक्त डागाची जागा २० मिनिटं बुडवा. नंतर तीन पाण्यांतून काढा. आंबट शिल्लक राहिलं तर सुती धागा पुढे तिथेच विरतो.

बॉलपेनच्या शाईला सॅनिटायझर किंवा स्पिरिट. खाली जुनं फडकं ठेवा, कापसाने कडेकडून मध्याकडे टिपा, आणि खालचं फडकं सरकवत राहा, नाहीतर शाई फिरून तिथेच बसते. घासायचं नाही. जेल पेनची शाई बरेचदा निघत नाही.

करपलेल्या दुधाचा गंज स्टीलचा असेल तर करपलेला थर बुडेल इतकं पाणी, त्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, १० मिनिटं उकळा, तसंच थंड होऊ द्या. थर पापुद्र्यासारखा सुटतो. भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, सोड्याने ॲल्युमिनियम काळं पडतं. तिथे चिंचेचा कोळ किंवा लिंबाची सालं उकळा. कुकर आतून काळा पडतो त्यालाही हेच. पुढे डाळ-भात लावताना तळाच्या पाण्यात लिंबाची एक फोड टाकत जा.

रेशमाला वरचं जवळजवळ काहीच लागू नाही. करवतकाठी, टसर, पैठणी, कुठलंही रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे. क्लोरीन ब्लीच त्याला विरघळवतं, आणि 'एन्झाइम' लिहिलेल्या साबण पावडरीतला प्रथिनं खाणारा भाग डागाबरोबर धागाही कुरतडतो. लग्नाच्या पंगतीत साडीवर वडाभाताची फोडणी सांडली तर ओला रुमाल चोळू नका. टसरवर पाण्याचीच गोल कडा उमटते आणि ती डागापेक्षा वाईट दिसते. जास्तीचं तेल कोरड्या कागदी रुमालाने वरच्या वर टिपा, घरी आल्यावर टॅल्कम पावडर किंवा खडूची पूड जाड थरात घाला, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झाडा. पावडर पिवळी झाली असेल तर ती तेल ओढतेय, नवी घाला. एवढ्यावर थांबा आणि ड्रायक्लीनिंगला द्या. देताना काय सांडलं आणि त्यावर तुम्ही काय लावलं हे दोन्ही सांगा. लोक दुसरं लपवतात, आणि मग दुकानातलं रसायन आधीच्या लिंबावर जाऊन पडतं.

आता कूलर. पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार. नळाला नागपूरचं पेंच-कन्हान नद्यांचं पाणी असेल तर थर हळू चढतो, बोअरचं असेल तर पंधरा दिवसांत पापुद्रे धरतात. पण खरं कारण कूलरच्या कामातच आहे. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार टाकीतच राहतात. आपण रोज वरून पाणी भरतो, म्हणजे रोज टाकीतलं पाणी आणखी जड करतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणं हा अर्धा इलाज आहे. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डास होईपर्यंतची वाढही साधारण आठवड्याभरात होते, म्हणजे एका कामात दोन कामं.

चढलेला थर काढायला आधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, ओल्या पत्र्याच्या कूलरचा शॉक जीवघेणा असतो. पंप सोडवून बादलीत ठेवा, एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम निंबूफूल या प्रमाणात पंप बुडेल इतकं पाणी करा आणि तासभर राहू द्या. निंबूफूल नागपूरच्या इतवारी बाजारात किराण्याच्या ठोक दुकानांत सुटं मिळतं, छोट्या पुड्यांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. पंपाच्या जाळीतला थर बुडबुडत विरघळेल. पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं टाचणीने उघडा. गवत मात्र या पाण्यात घालू नका. क्षाराने कडक झालेलं गवत बदलायचंच असतं, कारण त्यातून हवाही जात नाही आणि पाणीही सारखं झिरपत नाही. एका बाजूला गवत कोरडं आणि दुसऱ्या बाजूला धो धो पाणी दिसलं तर दोष पंपाचा नाही, तुंबलेल्या भोकांचा किंवा दगड झालेल्या गवताचा.

टाकी प्लास्टिकची असेल तर तेच पाणी फडक्याने लावून अर्धा तास ठेवा. पत्र्याची असेल तर १० मिनिटांच्या वर नाही, आणि जिथे रंग उडालाय तिथे अजिबात नाही: आंबट पदार्थ जस्ताचा मुलामा खातो आणि पुढच्या उन्हाळ्यात तळाला भोक पडतं. धुऊन कोरडं करा, उडालेल्या जागी रेड ऑक्साइड (जंग रोखणारा लाल रंग) लावा. हे काम अंगणात करत असाल तर खाली काय फरशी आहे ते आधी बघा. शहाबादी, कोटा, संगमरवर आणि जुन्या घरातल्या मोझॅक टाइल्सवर निंबूफुलाचं पाणी सांडलं तर चकाकी जाऊन पांढरट डाग पडतो. दगडच विरघळलेला असतो, त्यामुळे तो पुसून जात नाही, पॉलिशवाला बोलवावा लागतो. बादली मातीवर किंवा अशी फरशी नसलेल्या मोरीत ठेवूनच हे करा.